सजग भाऊ

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. हेलेन मॅडमनी ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये सांगितलं की बायकांवर होणाऱ्या हिंसेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येक पुरुषानं रोज स्वतःकडे बघून चार ओळी लिहाव्यात. कुणाला दाखवायच्या नाहीत. हे बरं आहे. मला स्वतःकडे बघायला आवडतं.

प्रोजेक्ट मंजूर झाला. नाव 'सजग पुरुष'. मीच सुचवलेलं. पनवेल आणि उरणच्या गावांतल्या पुरुषांना शिकवायचं की शेजारी, नात्यात, ओळखीत कुणी बायकोवर हात टाकत असेल तर बघत बसू नका, मध्ये पडा. पैसा युरोपातल्या संस्थेचा, माणसं आपली, को-ऑर्डिनेटर मी. नोव्हेंबरअखेर त्या संस्थेच्या हेलेन मॅडम स्वतः काम बघायला येणार.

संकल्प: गाडी चालवताना शिव्या बंद, ट्रेलरवाला आडवा आला तरी. घरात आवाज चढवायचा नाही. आठवड्यातून एकदा स्वयंपाक मी करायचा.

बायकोला, समृद्धीला, तोंडी सांगितलं. ती म्हणाली, सिलेंडर संपत आलाय, आधी तेवढा नंबर लावा.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर मॅन्युअलचं भाषांतर. 'बायस्टँडर'ला मराठी शब्द मिळेना. 'बघ्या' लिहिलं तर आमच्या संस्थेचे संचालक म्हणाले, लोकांना अपमान वाटेल. शेवटी 'तटस्थ साक्षीदार' केलं. शब्दाला वजन आहे.

दुपारी उरणच्या बाजूला कोळीवाड्यात पहिली मीटिंग. मागे फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत 'लिंगाधारित हिंसा'. एका आजीनं विचारलं हे कसलं. मी बराच वेळ समजावलं. सत्ता, समाजरचना, सगळं घेतलं. ती शेजारणीला म्हणाली, नवरा मारतो त्याचं सांगतंय गं हा. सगळ्या हसल्या. प्राचीपण हसली.

प्राची आमची समुपदेशक. हेल्पलाइनचा फोन तिच्याकडे असतो. पोरगी मेहनती, पण थिअरी कच्ची.

१२ ऑक्टोबर, रविवार

डाळ-भाताचा बेत होता. मी करणार म्हणून आई सकाळपासून बाल्कनीत जाऊन बसली.

डाळ उकळत असताना विनिताचा फोन. विनिता माझी धाकटी बहीण, द्रोणागिरीला दिलीय. नवरा प्रणितराव, कंटेनर यार्डात सुपरवायझर. मुलगी प्रांजल पहिलीत. विचारत होती, दादा, थोडे दिवस येऊ का. म्हटलं, दिवाळी तोंडावर आलीय, भाऊबीजेला येणारच आहेस, तेव्हाच ये निवांत. ती बरं म्हणाली. आवाज बसल्यासारखा वाटला. तिकडे धूळ फार. ट्रेलर सारखे चालू असतात.

फोन ठेवेपर्यंत डाळ करपली. समृद्धीनं हॉटेलातून मागवलं. पुरुषानं चूक करण्याची मुभा स्वतःला द्यायला हवी. हेपण ट्रेनिंगमध्ये होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

विनिता आणि प्रांजल आल्या. प्रणितरावांना ड्युटी होती.

ओवाळताना विनितानं ताट डाव्या हातानं धरलं. आई म्हणाली, अगो उजवा हात लाव. तिनं लावला, तर ताट कलंडलं, निरांजन सतरंजीवर पडलं. समृद्धीनं पटकन विझवलं. उजवं मनगट सुजून टम्म. हातात बांगड्या नाहीत. म्हणाली, सिलेंडर उचलताना लचकलं.

आई तेल गरम करायला आत गेली.

समृद्धी मला किचनमध्ये ओढून म्हणाली, सिलेंडर उचलून बोटांचे वळ उठत नाहीत, तिला विचारा. मी तिला समजावलं की असं थेट विचारायचं नसतं. बाईला तिच्या वेळेनं बोलू द्यायचं, मॅन्युअलमध्ये आख्खं प्रकरण आहे. समृद्धी माझ्याकडे बघत राहिली. तिला मॅन्युअल वाचायला द्यायला हवं.

विनिताला साडी आवडली. आवडली म्हणाली तरी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलली. तिच्या वेळेनं. म्हणजे माझं बरोबर होतं.

सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत होतो, ती येऊन बसली आणि सगळं सांगितलं. प्रणितराव हात पिरगळतात. केस धरतात. प्रांजल झाली तेव्हापासून. मागच्या महिन्यात जिन्यात ढकललं. यावेळी कारण काय, तर डब्यात सुकट दिली नाही.

मी ट्रेनिंगप्रमाणे ऐकलं. मध्ये बोललो नाही. मान हलवली. तुला काय वाटलं, असंही विचारलं. ती म्हणाली, दुखलं.

मग मी परिस्थिती मांडली. यार्डात शिफ्टचा ताण असतो. प्रणितराव मुळात वाईट नाहीत, माझ्या बारशाच्या जेवणापासूनचा त्यांच्या घराशी संबंध. मी बोलतो त्यांच्याशी. पण आत्ता लगेच इथं राहण्याचं पाऊल उचलू नकोस. हेलेन मॅडम यायच्या आहेत. 'सजग पुरुष'च्या को-ऑर्डिनेटरची सख्खी बहीण माहेरी येऊन बसली असं गावात पसरलं तर बाकीच्या शेकडो बायकांचं नुकसान आहे. आणि आईला काही कळू देऊ नकोस, तिचं बीपी.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं दादा."

किती समजूतदार आहे.  

२६ ऑक्टोबर, रविवार

विनिता आणि प्रांजलला द्रोणागिरीला सोडून आलो.

वाटेत विनिता खिडकीबाहेर बघत होती. प्रांजल मागे झोपली. एक ट्रेलरवाला आडवा आला, मी शिवी दिली नाही.

बिल्डिंगखाली गाडी लावली तेव्हा विनिता म्हणाली, "दादा, वर येऊन थोडा वेळ बसशील?" म्हटलं बसतो की. बसलो. प्रणितरावांनी कोल्ड्रिंक आणून दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला, क्रिकेटचा विषय काढला. माणूस आदबशीर. मी मूळ विषय काढणार होतो, पण पहिल्या भेटीत विश्वास निर्माण करायचा असतो, आरोप करायचे नसतात. म्हणून मी प्रोजेक्टबद्दल बोललो. तर ते म्हणाले, फार चांगलं काम आहे दादा, आमच्या यार्डातपण असे लोक आहेत, तुम्ही तिथं कार्यक्रम घ्या, मी मॅनेजरशी बोलतो.

हा तर मोठाच बदल. न बोलता माणसापर्यंत पोचता येतं.

निघताना विनिता दारापर्यंत आली नाही. प्रांजलला भरवत होती.

परत येताना बाजूची सीट रिकामी. सीटबेल्टचा आवाज उगाचच वाजत होता. पिशवी ठेवली असावी कुणी. नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

यार्डात कार्यक्रम झाला. झकास. ड्रायव्हर, क्लीनर, सुपरवायझर सगळे जमले. प्रतिज्ञा घेतली: 'मी माझ्या घरातल्या बाईवर हात उगारणार नाही, कुणी उगारला तर गप्प बसणार नाही.' प्रणितरावांनी सगळ्यांत पुढे उभं राहून मोठ्यानं म्हटली. जांभळी पट्टी छातीला लावून, हात वर करून फोटो काढला. फोटो इतका चांगला आला की संचालकांनी तो फ्लेक्ससाठी निवडला. वेबसाइटवरही टाकला. खाली ओळ: 'बदल घडवणारा पुरुष'.

मी संचालकांना सांगणार होतो की हे माझे मेहुणे आहेत. पण मग वशिला वाटला असता.

प्राची फोटो काढताना बाजूला उभी होती. तिनं मला विचारलं, तुमची बहीण कशी आहे. म्हटलं मजेत.

विनिता फोन उचलत नाहीये. घरात रमली असेल.

 

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ऑफिसात प्रणितरावांचा फोन. विनिता आणि प्रांजल घरात नाहीत. म्हणाले, मी यार्डातून आलो तर कुलूप, तुमच्याकडे आल्यात का. नाही म्हटलं. ते म्हणाले, दादा, खोटं बोलू नका. आवाज वेगळाच होता. आदब नव्हती त्यात. मला क्षणभर घाम फुटला. आणि मी चौथ्या मजल्यावर, ऑफिसात, एसीमध्ये होतो.

दोन-चार नातेवाइकांना आडून आडून विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. घरी जेवायला गेलो तर आई शांतपणे बोंबील निवडत बसलेली. तिला म्हटलं, विनिता प्रांजलच्या शाळेच्या ट्रिपबरोबर गेलीय. आई म्हणाली, बरं.

संध्याकाळी विनिताचा मेसेज: 'मी ठीक आहे. प्रांजल ठीक आहे. शोधू नकोस.'

एवढंच. मी या क्षेत्रातला माणूस. सगळ्या तालुक्याला माझा नंबर ठाऊक. आणि सख्खी बहीण मलाच शोधू नको म्हणते. वाईट वाटलं. स्पष्ट लिहायचं तर राग आला. मी तिच्यासाठी एवढं केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्राचीला सहज विचारलं, द्रोणागिरीकडून हेल्पलाइनला कुणाचा फोन आला होता का. ती म्हणाली, सर, केसबद्दल मी कुणाशी बोलू शकत नाही.

म्हटलं, मी को-ऑर्डिनेटर आहे. ती म्हणाली, को-ऑर्डिनेटरशीसुद्धा नाही, गोपनीयतेच्या धोरणात लिहिलंय, तुम्हीच लिहिलंय.

मीच लिहिलंय. उत्तम लिहिलंय. एकपण पळवाट ठेवलेली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हेलेन मॅडम बुधवारी येणार. पंचवीस तारखेपासून बायकांवरच्या हिंसेविरुद्धची सोळा दिवसांची मोहीम सुरू होते, तिच्यातच भेट. मला वाटतं, एखादी बाई स्वतःच्या तोंडून अनुभव सांगेल तर मॅडमना काम पोचेल. प्राचीचा विरोध. म्हणाली, बायकांना पाहुण्यांपुढे उभं करायचं नाही, हे काय प्रदर्शन आहे का. बऱ्यापैकी वाजलं आमचं. आवाज माझा चढला नाही. तिचा चढला.

दुपारी तीच परत आली. म्हणाली, एक बाई आपणहून यायला तयार आहे. तिची एकच अट, ती बोलेल तेव्हा मध्ये कुणी तोडायचं नाही. आणि भाषांतर तुम्हीच करायचं.

मीच. म्हणजे माझं नाव बायकांपर्यंत पोचलंय. बरं वाटलं. 

प्रणितरावांचा फ्लेक्स उतरवायला हवा का, हा विचार मनात आला होता. विनिता घर सोडून गेल्यावर तो बरा दिसत नाही. पण छापून आलाय, हॉलमध्ये लागलाय, आणि त्या जागी लावायला दुसरा नाही. भिंतीवर डाग आहे ओलीचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सविस्तर लिहितो. लिहिलं की बरं वाटतं म्हणतात.

हॉल छान सजवला होता. खुर्च्या गोल. हेलेन मॅडमनी नऊवारीचं कापड असलेला कुर्ता घातला होता. संचालक, दोन कार्यकर्ते, मी, प्राची. प्राची बाहेर गेली आणि त्या बाईला घेऊन आली.

विनिता.

निळ्या ड्रेसमध्ये. केस कापलेले. मला वाटलं मला भेटायला आलीय, चुकून आत आली. मी उठलोसुद्धा. प्राचीनं खुर्ची पुढे केली. विनिता हॉलभर नजर फिरवत होती, ती भिंतीपाशी थांबली. प्रणितराव. जांभळी पट्टी, हात वर. 'बदल घडवणारा पुरुष.' तिनं तो पूर्ण वाचला. मग खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. तोंड माझ्याकडे आलं.

कुणाला काही ठाऊक नव्हतं, प्राची सोडून. आम्ही बहीण-भाऊ आहोत हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगायला जागा होती. पण मॅडमनी पहिला प्रश्न विचारला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मॅडमनी विचारलं की हे सुरू झाल्यावर मदतीसाठी ती पहिल्यांदा कुणाकडे गेली.

मी विनिताला म्हटलं, "मॅडम विचारतायत, तुम्ही सगळ्यांत आधी कुणाकडे गेलात?"

तुम्ही म्हणालो. तोंडातून तेच आलं.

"भावाकडे," विनिता म्हणाली. "भाऊबीजेला गेले होते. हात सुजलेला त्यानं पाहिला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि गाडीत बसवून परत नवऱ्याकडे सोडलं."

मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं की सुरुवातीच्या काळात तिला कुटुंबाचा आधार मिळाला.

मुद्दाम नाही केलं. वाक्य जिभेवर तयारच होतं. असल्या किती वाक्यांचे रिपोर्ट लिहिलेत मी.

मॅडम लिहून घ्यायला लागल्या. विनिता माझ्याकडेच बघत होती. ती बी.कॉम. आहे. लग्नाआधी वाशीला कॉलसेंटरमध्ये होती, दिवसभर इंग्रजीत बोलायची. मी कसं विसरलो.

"मी असं नाही म्हणाले," ती म्हणाली. "परत सांगा."

सांगा म्हणाली. तीही.

मी परत सांगितलं. या वेळेस जे होतं तेच. ती भावाकडे गेली. भावानं हात पाहिला. भावानं ऐकलं. भावानं परत नेऊन सोडलं. इंग्रजी माझं चांगलं आहे, तरी प्रत्येक वाक्याला थांबत होतो. प्राचीनं पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. विचारलं की तो भाऊ आता कुठे आहे.

मी ते मराठीत केलं. "मॅडम विचारतायत, तुमचा भाऊ आता कुठे आहे."

 मला वाटलं आता विनिता बोट दाखवेल. दाखवावं असंही वाटलं. म्हणजे सुटलो असतो.

"सांगा," ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फारच छोटं आहे.

नंतर ती बरंच बोलली. हेल्पलाइनबद्दल, प्राचीबद्दल, परत नोकरी शोधतेय त्याबद्दल. सगळं भाषांतर मी केलं. बरोबर केलं. आता काही आठवत नाही.

जाताना मॅडम माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की पुरुष असून इतकं मनातून भाषांतर करणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी त्या शिफारस करणार आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फ्लेक्स उतरवला. स्वतः, स्टुलावर चढून. गुंडाळून कपाटामागे ठेवला. वेबसाइटवरचा फोटो राहिलाय. कृष्णकांत, तो आमचं कम्प्युटरचं बघतो, रजेवर आहे.

नीट विचार केला तर माझी बाजूही आहे. मला पूर्ण कल्पना नव्हती. तिनं जिन्याचं सांगितलं, पण पडली असं नाही सांगितलं, ढकललं असं सांगितलं. ढकलण्याचे प्रकार असतात.

वरचं वाक्य वाचून बघितलं. खोडणार होतो. राहू दे.

३० नोव्हेंबर, रविवार

आईला सांगायचं ठरवलं. समृद्धीला बीपीची गोळी जवळ ठेवायला सांगितली. ती म्हणाली, तुमची की त्यांची.

आईपुढे बसलो. म्हटलं, आई, विनिताचं एक सांगायचंय, घाबरू नकोस. आई म्हणाली, मना ठाव हाय.

भाऊबीजेच्या दिवशी तेलानं हात शेकला तेव्हाच तिनं विनिताला विचारलं होतं. मी गॅलरीत मान हलवत बसलो त्याच्या आदल्या दिवशीच. विनिता आता करंजाड्याला वेणू मावशीकडे आहे. आईची बहीण. तिथं कुणाला संशय येणार नाही म्हणून प्राचीनं आणि आईनं मिळून ठरवलं. आई रोज दुपारी भजनी मंडळाला जाते म्हणून निघायची, ती रिक्षानं करंजाड्याला जात होती. डबा घेऊन. आमच्या बिल्डिंगमध्ये भजनी मंडळच नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत. घरातला पुरुष मी.

आई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर परत न्हेऊन सोडलं असतंस. म्हनून आमी नाय सांगितलं."

रागावून नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मग म्हणाली, जेवून घे.

५ डिसेंबर, शुक्रवार

कोर्टाचा तात्पुरता आदेश मिळाला. प्रणितनं विनिता आणि प्रांजलच्या जवळपास फिरकायचं नाही. (राव लिहायचं सोडलं आजपासून.)

आई आणि समृद्धी दोघींनी भाऊबीजेच्या दिवशी काय पाहिलं ते लिहून दिलंय. दोघी कोर्टात गेल्या होत्या. मला खरेदीला जातो म्हणाल्या होत्या. समृद्धी येताना खरंच भाजी घेऊन आली, म्हणून मला खरंच वाटलं.

दुपारी प्रणितचा फोन. म्हणाला, दादा, हे काय चालवलंय बायकांनी, तुम्हीच समजवा. "तुम्ही तर माझ्याच बाजूचे ना."

मी मीटिंगमध्ये आहे असं सांगून ठेवला. मीटिंग नव्हती. मी तुझ्या बाजूचा नाही, हे चार शब्दांचं वाक्य आहे. बाथरूममध्ये जाऊन म्हणून बघितलं. येतं मला.

प्राची टेबलाशी आली. पहिल्यांदाच आपणहून बोलली. पुढच्या तारखेला माझी साक्ष उपयोगी पडेल म्हणाली, कारण मी परत सोडायला गेलो होतो, त्या घरात बसलो होतो, आणि विनितानं मला सगळं आधी सांगितलं होतं. पण जबरदस्ती नाही. विनितानं मागितलेली नाही, प्राचीच विचारतेय.

मी म्हटलं, संस्थेच्या दृष्टीनं यात हितसंबंध येतात, संचालकांशी बोलून सांगतो.

प्राची ठीक आहे म्हणाली. तिची थिअरी कच्ची आहे असं मी कुठेतरी लिहिलंय. कच्ची नाही.

८ डिसेंबर, सोमवार

संचालकांशी बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे. साक्ष माझी आहे, संस्थेची नाही.

कृष्णकांत आला रजेवरून. वेबसाइटवरचा फोटो काढून टाकायला सांगितला. का म्हणाला. मी म्हटलं, चुकीचा आहे. तो म्हणाला, स्पेलिंग का? मी हो म्हटलं.

ठरलं. बुधवारी सकाळी करंजाड्याला जाणार. विनिताला सांगणार की मी साक्ष देतो. कोर्टात उभा राहून, नाव सांगून, पाहिलं आणि परत सोडलं, दोन्ही सांगणार. हेही सांगणार की खांदा कॉलनीतलं आपलं घर तुझंपण आहे. माफी मागणार. साधी. कारणं न देता.

समृद्धीला सांगितलं. तिनं बुधवारसाठी शर्टाला इस्त्री करून ठेवली. हे तिनं बऱ्याच दिवसांनी केलं. (इस्त्री मी करायला हवी होती. चौथा संकल्प.)

१० डिसेंबर, बुधवार

आज मोहिमेचा समारोप होता. भाषण माझं. त्याआधी सकाळी करंजाड्याला गेलो.

वेणू मावशीची बिल्डिंग नवीन आहे. गावची जमीन गेली त्याच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेली. लिफ्टमध्ये एकटाच होतो. सगळं एकदा मोठ्यानं म्हणून घेतलं. नीट आलं. कारण एकही दिलं नाही.

बेल वाजवली. मावशीनं दाराची साखळी न काढता फटीतून बघितलं. ती मला लहानपणी कडेवर घेऊन शेतावर जायची. म्हणाली, थांब, इचारते.

आतून प्रांजलचा आवाज येत होता, पाढे म्हणत होती. कुकरची शिट्टी झाली. विनिता काहीतरी बोलली, आवाज मोकळा होता. बसलेला नव्हता. धुळीचं काही नव्हतं ते.

मावशी परत फटीत आली. "काय काम हाय, इचारते ती."

साधा प्रश्न होता. कुणीही कुणालाही विचारतं. माझ्याकडे उत्तर होतं, इस्त्री केलेल्या शर्टासकट.

"काही नाही मावशी," मी म्हणालो, "सहज आलो होतो."

मावशी आत गेली. पाढे थांबले. मग परत सुरू झाले.

मावशी बाहेर आली. म्हणाली, तिला आता येल नाय, कामाला निघायचं हाय, पयलाच आठवडा हाय तिचा. मग आवाज खाली करून म्हणाली, "काम असंल तवा ये रं शैलेश. सहज येऊ नको."

पाणी हवं का विचारलं. नको म्हटलं. दार हळू लावलं तिनं, आपटलं नाही.

जिन्यानं खाली आलो. गाडीत बसून राहिलो. थोड्या वेळानं विनिता बिल्डिंगमधून बाहेर पडली, ओढणी सावरत, घाईत. उजव्या हातात डब्याची पिशवी होती. हात बरा दिसला. काच खाली करून हाक मारायला मिनिटभर होता. तिनं रिक्षा थांबवली आणि गेली.

ऑफिसचा फोन आला, लोक येऊन बसलेत, कुठे आहात. निघालो म्हटलं.

भाषण झालं. टाळ्या बऱ्या पडल्या. प्राची मागे उभी होती, तिनं साक्षीचं परत विचारलं नाही.

मी सहज गेलो नव्हतो.